उटणं आपलं, सही कुणाची?

(बचत गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीत घरी उटणं करायचं, चार ओळखीच्या घरी द्यायचं, आणि पुढच्या वर्षी त्यांनीच "विकत द्याल का?" असं विचारायचं. आपल्यातल्या अनेकींचा धंदा असाच सुरू होतो. मी गटांच्या हिशेबाच्या वह्या तपासते. त्या अनुभवावरून सांगते, नुसता माल चांगला असून भागत नाही. कागद आणि हिशेब बाईच्या हातात लागतात.

इंग्लंडमधल्या अनिता रॉडिक यांचंच बघा. दोन लहान मुली पदरात असताना १९७६ साली त्यांनी ब्रायटन इथे 'बॉडी शॉप' हे छोटं दुकान काढलं. पंचवीसेक प्रकारचा माल. बाटल्या विकत घ्यायला पैसे कमी, म्हणून गिऱ्हाइकाने रिकामी बाटली आणून पुन्हा भरून न्यायची. भिंतींची ओल झाकायला दिलेला हिरवा रंग पुढे त्यांची ओळखच बनला.

पण आधी कर्जाचं काय झालं, ते त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. साध्या कपड्यांत, मुलींना घेऊन त्या बँकेत गेल्या, तेव्हा नकार मिळाला. मग नवऱ्याला बरोबर घेऊन, सूट घालून गेल्या आणि चार हजार पौंड मिळाले. धंदा तोच, डोकं तेच! दुसऱ्या दुकानाच्या वेळी पुन्हा चार हजार पौंड हवे होते. ते एका परिचित गृहस्थाने दिले आणि बदल्यात निम्मी मालकी घेतली. २००६ साली लॉरेआल कंपनीने हा व्यवसाय ६५ कोटी पौंडांना घेतला, तेव्हा त्या गृहस्थाच्या वाट्याला कोट्यवधी पौंड आले. वेळेवर न मिळालेल्या कर्जाची किंमत एवढी असते.

आता आपल्याकडे या. जागा सासऱ्यांच्या नावावर, खातं नवऱ्याचं, ऑर्डरी घेणारा फोन मुलाचा, आणि दळणं, चाळणं, भरणं बाईचं. मग मालकीण कोण?

हिशेबही तसाच. समजा, शंभर ग्रॅमच्या पुड्याला सामान २५ रुपये आणि पिशवी-लेबल ५ रुपये. ५० ला विकला, तर आपण म्हणतो २० रुपये सुटले. पण ४० पुडे करायला दोघींचा दिवस जातो. रोज ४०० धरला, तर ८०० रुपये मजुरी, म्हणजे पुड्यामागे २० रुपये. नफा शून्य! दुकानदाराने १० रुपये कमिशन कापलं, तर ते आपल्या मजुरीतून जातं. घरकामाची मजुरी कुणी धरत नाही, ते आपण जाणतो. निदान धंद्यात तरी ती आपण धरू या.

परवान्याचंही सांगते. सौंदर्यप्रसाधनं तयार करून विकायला १९४० चा कायदा आणि २०२० चे नियम लागू आहेत. अर्ज राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं, तर परवाना वेगळा. पुड्यावर घटक, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, मुदत हवी. 'घरगुती' म्हटलं म्हणून सूट नाही. आणि हे योग्यच आहे, कारण अंगाला पुरळ येईल ते दुसऱ्या बाईच्याच.

शेवटचा मुद्दा. आपण चळवळीतल्या बायका सौंदर्य विकायचं का? स्वच्छता आणि अंगाला बरं वाटणं जरूर विकू या, न्यूनगंड मात्र नको. रॉडिक यांच्या कंपनीने १९९७ साली 'रूबी' नावाची गुबगुबीत बाहुली जाहिरातीत आणली, ती याच विचाराने. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' निघायला २०२० साल उजाडलं. आपल्या पुड्यावर 'गोरेपणासाठी' हा शब्द पहिल्या दिवसापासून नको.

तेव्हा गावी गेल्यावर गटाच्या पहिल्या बैठकीत तीन गोष्टी लिहून काढा. खातं कुणाच्या नावावर, परवाना कुणाच्या नावावर, आणि प्रत्येकीचा रोज किती. तिन्ही ठिकाणी बाईचं नाव आलं, की मग उटण्याचं सामान आणायला बाजारात जा.