शांत झोप
(सुक्कोथच्या तयारीच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



थोड्याच दिवसांत आवारात शिड्या लागतील, आणि सर्वांत वरच्या पायरीवर आपल्यापैकीच कोणाचे तरी नातवंड उभे असेल. म्हणून मुलांच्या डोक्याला लागणाऱ्या माराविषयी मी बोलावे, असे ठरले.

प्रथम माझी एक चूक सांगते. 1972 साली, नुकताच डिप्लोमा घेऊन, मी मुंबईच्या एका रुग्णालयात रात्रपाळी करीत होते. संक्रांतीला पतंगाच्या नादात गच्चीवरील टाकीवरून पडलेला नऊ वर्षांचा मुलगा वॉर्डात आला. डाव्या कानशिलावर टेंगूळ होते. क्षणभर शुद्ध हरपली होती म्हणे. पण आता तो बिस्किट खात होता आणि आपला पतंग कोणी लुटला ते विचारीत होता. रात्री दोन वाजता मी त्याच्या खाटेशी गेले. तो घोरत होता. आई म्हणाली, "सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका." मला तिची दया आली. मी नाडी मोजली आणि तक्त्यावर लिहिले : शांत झोप.

चार वाजता हलवले तेव्हा तो जागा होईना. डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. शल्यचिकित्सकांनी तातडीने कवटी उघडून साकळलेले रक्त काढले. मुलगा वाचला, उजव्या हाताची शक्ती मात्र पूर्ण परतली नाही.

कानशिलाचे हाड पातळ असते व त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. ती फाटली की कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. मेंदूवर दाब येईपर्यंत मूल बोलते, खेळते. या मधल्या बऱ्या काळानेच आपण फसतो. बाहुली मोठी होणे ही उशिराची खूण आहे. तिची वाट पाहू नये.

शुद्धी मोजण्याची ग्लासगो मोजपट्टी टीझडेल आणि जेनेट यांनी 1974 साली मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून 3 ते 15 गुण. मूल आपणहून जागे नसेल तर हाक मारून उत्तर घ्यावेच लागते. नुसते पाहून गुण देता येत नाहीत. त्या रात्री मी नुसते पाहिले होते.

"सीटी स्कॅन लगेच का करीत नाहीत?" ही आजी-आजोबांची तक्रार इथल्या बालविभागात मी वर्षानुवर्षे ऐकली. मुलांना किरणांचा मारा विनाकारण देऊ नये, हे त्याचे कारण. अमेरिकेत 42 हजारांहून अधिक मुलांवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. ठरावीक लक्षणे नसतील तर स्कॅन टाळता येतो, असे त्यातून दिसले. शंकेच्या स्थितीतील मुलाला काही तास नजरेखाली ठेवतात. त्याला "काहीच केले नाही" म्हणू नका. ते काम फार कठीण असते.

टेंगळावर थंड पट्टी ठेवा, आमच्या आज्यांप्रमाणे हळदही लावा. पण पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, नाकाकानातून रक्त वा पाणी, असंबद्ध बोलणे, उठवूनही नीट न उठणे, यांपैकी एक जरी दिसले तरी 101 फिरवा. दोन वर्षांखालील बाळाच्या डोक्याच्या बाजूला किंवा मागे सूज असेल, तर ते हसत असले तरी दाखवा. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेले मूल झोपू द्यावे. उठवायला सांगितले असेल तर मात्र खरोखर उठवावे व नाव विचारावे.

आणि शब्बाथ? एका कुटुंबाने आकाशात तारे दिसेपर्यंत फोन केला नाही, हे मी पाहिले आहे. पिकुआख नेफेशपुढे शब्बाथ बाजूला राहतो. हजानसाहेबांना विचारायलाही थांबू नका.

आवारातील उंच शिडीची एक पायरी सैल आहे. ती रविवारच्या आत बदलावी, अशी व्यवस्थापक मंडळाला माझी विनंती आहे.