ब्रह्मगिरीच्या वृक्षांची नोंदवही



श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी भाविकांची रीघ त्र्यंबकेश्वरी लागते. या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या समाजाला गोदामाईचे उगमस्थान ठाऊक आहे, उगमाशी जोडलेला औदुंबरही ठाऊक आहे. मात्र याच पर्वताच्या घळींत कोणते दुर्मीळ वृक्ष किती उरले, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. ज्याचा ठावठिकाणा ठाऊक नाही, त्याचे रक्षण कोण करणार?

प्रश्न केवळ एका डोंगराचा नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०२४ मध्ये जगातील ४७,२८२ वृक्षजातींचा आढावा जाहीर केला. त्यांपैकी १६,४२५ जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. आपला शिसव या संघाच्या धोक्यातील जातींच्या यादीत आहे, चंदन आहे आणि सीताअशोकही आहे. शाळेच्या आवारात उंच सरळ वाढणाऱ्या झाडाला आपण अशोक म्हणतो. तो खरा अशोक नव्हे. रामायणाने घरोघरी पोहोचविलेला अशोक निराळा. अशोकारिष्टासाठी त्याची साल ओरबाडली गेली आणि नाव मात्र दुसऱ्याच झाडाला चिकटले! ओळख हरवली की वृक्ष हरवल्याचेही कळत नाही.

पूर्वजांनी ही ओळख श्रद्धेने जपली. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवराया पालथ्या घातल्या. भोवतालच्या रानातून गेलेले वृक्ष देवाच्या धाकाने तेथे टिकून असल्याचे त्यांनी नोंदविले. नोंद झाली, म्हणून देवराईचे मोल अभ्यासकांना आणि शासनाला कळले. शेजारची अंजनेरी हेच सांगते. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून पूज्य असलेल्या या डोंगराचे नाव धारण करणारी कंदीलपुष्पाची एक जात २००६ मध्ये विज्ञानाला ज्ञात झाली. ती वृक्ष नव्हे, चिमुकली वनस्पती. पण आज तिचा पत्ता ठाऊक आहे. पुढे २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

वृक्षांची अशी नोंद अवघड नाही, चिकाटीची आहे. वनवासी बांधव आणि वैदू यांना सोबत घ्यावे. झाडाची स्थानिक नावे आणि बहराचा काळ त्यांनाच ठाऊक असतो. झाडाचे अक्षांश-रेखांश, उंची, छातीच्या उंचीवरील खोडाचा घेर, फुला-फळांची छायाचित्रे टिपावीत. भोवती रोपे उगवली आहेत का, हे आवर्जून पाहावे. म्हातारी झाडे उभी आणि खाली एकही रोप नाही, तर ते रान आतून संपत आले, असे समजावे. जेथे शोधूनही झाड सापडले नाही, तीही जागा लिहावी. अशा नोंदी नकाशावर मांडल्या की बियाणे कोठून घ्यावे आणि रोप कोठे लावावे, हे उमगते. नाहीतर वृक्षारोपणाच्या उत्साहात खड्डे खणले जातात, लावले जाते ते रोपवाटिकेत मिळेल ते!

एक सावधगिरी मात्र हवी. चंदनाचा किंवा नरक्याचा अचूक पत्ता चव्हाट्यावर मांडणे म्हणजे तस्कराला वाट दाखविणे. तो तपशील वनविभाग आणि ग्रामसमिती यांच्यापाशीच राहावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. ही वही कपाटात धूळ खात पडू नये, एवढे तरी गावकऱ्यांनी पाहावे.

सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो. त्यासाठी रस्ते, निवारे, वाहनतळ लागतात आणि ते कागदावर आधी आखले जातात. त्या कागदावर दुर्मीळ वृक्ष नसेल, तर कुऱ्हाड चालविणाऱ्याला तो दिसणारच नाही. म्हणून पुढच्या प्रदक्षिणेला निघताना पाच-सहा जणांच्या एका तरी गटाने हाती वही घ्यावी. शिवाची प्रदक्षिणा करताना त्याच्या जटाभाराची विचारपूस करणे, हीदेखील पूजाच आहे.