टांगा नावाच्या शहरातला एक दिवस

मी जबलपूरच्या चेरीतालातून बोलतोय. "मी टांगाला चाललोय," असं घरी सांगितलं तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "टांग्याने कुठे चाललात?" टांगा हे टांझानियाच्या समुद्रकाठचं एक शहर आहे. स्वाहिली भाषेत टांगा म्हणजे शीड. दार-एस-सलामहून साडेतीनशे किलोमीटर, बसने पाच-सहा तास. पर्यटक तिकडे फारसे जात नाहीत. ते झांझिबारला किंवा सिंह बघायला जातात.

मग मी का गेलो? आमच्या जबलपुरात दोन मोठी रेजिमेंटल सेंटर्स आहेत. एक ग्रेनेडियर्सचं, दुसरं जम्मू-काश्मीर रायफल्सचं. दोन्ही रेजिमेंटांचे पूर्वज नोव्हेंबर १९१४ मध्ये याच टांगात लढले. तेव्हाची १०१वी ग्रेनेडियर्स आणि काश्मीर संस्थानची रायफल्स. मी पायदळातला, पण या दोन्ही पलटणींतला नव्हे. तरी रणांगण स्वतःच्या पायांनी चालून बघायचं, ही जुनी खोड. एकटाच गेलो. अशा ठिकाणी सोबतीला माणूस असला की तो तासाभरात जेवणाचं विचारू लागतो.

सकाळी चहाच्या टपरीवर मुलाला वेळ विचारली. म्हणाला, "सा मोजा", म्हणजे एक वाजला. माझ्या घड्याळात सात. तिथे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, म्हणून आपले सात म्हणजे त्यांचा एक. 'झीरो सेव्हन हंड्रेड'वर आयुष्य काढलेल्या माणसाला हे पचायला थोडा वेळ लागतो. चहाबरोबर चपाती मिळाली, आणि तिचं नावही चपातीच. दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', आंब्याला 'एंबे'. रिक्षाला तर 'बजाजी' म्हणतात. पुण्याचं नाव तिथे असं रस्त्यावर धावतं. पांढरे केस बघून पोरं "शिकामो" म्हणतात. मूळ अर्थ, तुमचे पाय धरतो. त्यावर वडीलधाऱ्याने "मराहबा" म्हणायचं. मी दिवसभर आशीर्वाद वाटत फिरलो.

बजाजीने रास कसोनेला गेलो. हे शहराच्या पूर्वेचं भूशिर. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघालेली सुमारे ८००० जणांची फौज इथे उतरली. तिथे उभं राहिलं की पहिलं मनात येतं, इथे कशाला उतरलात बाबांनो? खाली चिखल आणि खारफुटी, वर चढ, पुढे त्या काळी दाट मळे. शंभर पावलांपलीकडचं दिसत नसणार. सैनिक कित्येक आठवडे जहाजांत कोंबलेले, समुद्र लागलेले. पलटणी एकमेकींबरोबर कधी सराव न केलेल्या. जनरल एटकेननी नीट टेहळणीही केली नाही. त्याआधी नौदलाच्या कप्तानाने शहरात जाऊन जर्मनांना सांगितलं होतं की आता तह संपला. म्हणजे अचानकपणाही गेला. समोर जर्मन सेनापती लेटो-फोरबेक, ज्याच्याकडे शेवटीसुद्धा साधारण हजारच माणसं होती. तो रात्री सायकलवरून हिंडून जमीन बघून आला, असं सांगतात. टांगात आजही सायकली भरपूर आहेत.

तिथून मी पायीच शहराकडे निघालो. उन्हात सावकाश चाललं तरी तासाभरात रेल्वेच्या बाजूला पोचतो. शहराच्या तोंडाशी रेल्वेसाठी जमीन खोदून केलेल्या खोलगट वाटेच्या आडोशाने बचाव करणारे बसले होते. मशीनगन घेऊन. ४ नोव्हेंबरला आपली फळी त्यांच्यावर चालून गेली. एका बाजूने काश्मीरचे रायफलमन आणि इंग्रज लँकेशायर पलटण थेट गल्ल्यांत शिरली, कस्टम हाउसपर्यंत. डाव्या टोकाला १०१वी ग्रेनेडियर्स होती, आणि लेटोने पलटवार नेमका त्या उघड्या बाजूवर केला. माणसं जागच्या जागी पडली. ५ तारखेला फौज परत जहाजांवर चढली. आठशेच्या वर मेले आणि जखमी झाले. मशीनगन, शेकडो रायफली आणि लाखो गोळ्या किनाऱ्यावरच राहिल्या.

आणि ही लढाई जगाला कशासाठी माहीत आहे? मधमाश्यांसाठी! गोळीबाराने पोळी उठली, माश्या चावल्या, म्हणून 'मधमाश्यांची लढाई'. पुस्तकातलं गमतीचं पान. माश्या दोन्ही बाजूंना चावल्या, हे कोणी सांगत नाही. पराभवानंतर भारतीय पलटणी भ्याल्या, असं अहवालात लिहायला सोपं गेलं. त्या जमिनीवर चालल्यावर मला ते पटत नाही. न दिसणाऱ्या शत्रूवर, न बघितलेल्या जमिनीवर, आठवडाभर नीट न जेवलेला शिपाई चालवला, तर दोष आधी चालवणाऱ्याचा.

याच दोन पलटणींचे लोक अडीच महिन्यांनी, १८-१९ जानेवारी १९१५ ला, टांगाच्या उत्तरेला यासीन इथे वेढ्यात सापडले. दारूगोळा संपेपर्यंत लढले. काश्मीर रायफल्सचे लेफ्टनंट कर्नल रघुबीर सिंह तिथे धारातीर्थी पडले. शरण आलेल्या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांना लेटोने शाबासकी देऊन तलवारी परत केल्या. मग ही माणसं भित्री कशी?

दुपारी स्मारकाशी गेलो. जवळपास कोणी नव्हतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची, त्यात बहुतेक आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतले, नावानिशी नोंदच झाली नाही. आमच्या चेरीतालाचं नाव राणी दुर्गावतीच्या दासीवरून पडलं असं जबलपुरात सांगतात. राणीचं राणीताल, दिवाण आधारचं आधारताल, आणि दासीचंही एक ताल. सोळाव्या शतकातली दासी लोकांच्या लक्षात राहिली. विसाव्या शतकातला, पगारपत्रकावर अंगठा उठवलेला शिपाई राहिला नाही.

बजाजीवाल्या पोराने विचारलं, तुमचे कोणी नातेवाईक इथे आहेत का. मी म्हटलं, गाववाले. त्याने रिक्षा बंद केली आणि तोही खाली उतरून उभा राहिला.

तुम्ही गेलात तर टांगासाठी एक पूर्ण दिवस ठेवा. भूशिरापासून शहरापर्यंत चालतच या, सकाळी लवकर, पाणी घेऊन. यासीनसाठी दुसरा दिवस लागतो.