साखरेविना गोडी आणि मधुमेहाचा हिशेब

(तुळिंज येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भल्या पहाटे तुळिंज रस्त्याने नालासोपारा स्थानकाकडे निघणारा कष्टकरी वर्ग उभ्याने प्रवास करतो, अवेळी जेवतो आणि मधल्या वेळी चहा-वडापाववर भूक भागवतो. मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, ही समजूत आता टिकणारी नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लक्ष मधुमेही असून आणखी 13 कोटी 60 लक्ष लोक या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत. अशा वेळी चहात साखरेऐवजी पडणारी गोड गोळी या वर्गाच्या कितपत उपयोगाची, हे तपासून पाहिले पाहिजे.

सॅकरिनचा शोध 1879 सालचा. पहिल्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा युरोपात त्याचा खप वाढला. अस्पार्टेम 1965 साली आणि सुक्रालोज 1976 साली सापडले. हे पदार्थ साखरेच्या शेकडो पटींनी गोड असल्याने कणभर पुरतात आणि चहातून त्यांनी रक्तातील साखर लगेच वाढत नाही. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर आणि चमच्यात पाच ग्रॅम, असा हिशेब केला तर 40 ग्रॅम साखर टळते. ही जमेची बाजू मान्य करावयास हवी.

परंतु तेवढ्याने रोग आटोक्यात येतो काय? चेन्नईच्या संशोधकांनी 179 मधुमेहींवर बारा आठवडे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज घेणाऱ्यांचे वजन व कमरेचा घेर किंचित उतरला; रक्तशर्करेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. यात नवल नाही. भारतीय माणसाच्या आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. भात, पाव, पोहे, बटाटा या सर्वांची अखेर शर्कराच होते. ‘साखरमुक्त’ बिस्किटातला मैदाही त्याला अपवाद नाही. गोळीच्या भरवशावर ज्याने भाताचे दोन घास अधिक घेतले, त्याने वाचविलेले तिथेच गमावले.

जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला मे 2023 मध्ये दिला. हा सल्ला आधीच मधुमेह जडलेल्यांना लागू नाही, ही त्यातील तळटीप बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्याच वर्षी अस्पार्टेमची गणना कर्करोगाच्या ‘संभाव्य’ कारणांत झाली. तरीही शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 40 मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा तज्ज्ञ समितीने कायम ठेवली. चहातल्या दोन-चार गोळ्या तिच्या फार खाली राहतात. तेव्हा गोळीला विष म्हणून हिणविण्याचे कारण नाही आणि तिला औषध समजण्याचेही नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी धरावी. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस जेवण चुकल्यावर घामाघूम होतो, थरथरतो, गोंधळतो. अशा वेळी गोड गोळी किंवा साखरमुक्त पेय कुचकामी ठरते. शुद्धीवर असलेल्यास तत्काळ खरी साखर अथवा ग्लुकोज द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. लोकलच्या गर्दीत निघणाऱ्या मधुमेहीच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे.

आता मूळ प्रश्न. चहा गोड कशाने करावा, हे व्यक्ती ठरवू शकते. ताटात काय पडावे आणि किती वाजता, हे तिची मजुरी, रेशनचे दुकान व कामाची पाळी ठरवितात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना दरडोई महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु तांदूळ-गव्हाने पोट भरते, डाळीची उणीव भरून निघत नाही. तांदळाच्या जागी तितकीच नाचणी आल्यानेही फारसे साधणार नाही; कर्बोदकांचा काही वाटा डाळ, उसळ, दूध यांनी घेतला तरच लाभ होतो, असे 2025 च्या संशोधनातून दिसते. म्हणून रेशनवर नियमित डाळ मिळावी, ही मागणी आरोग्याचीही मागणी आहे.

दुसरी मागणी तपासणीची. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेहासाठी तपासणी हे शासकीय कार्यक्रमाचे उद्दिष्ट आहे. पण पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्यास दुपारचा दवाखाना असून नसल्यासारखा. सायंकाळी व रविवारी तपासणी व्हावी, औषधे महिनाभराची एकदम मिळावीत, हा आग्रह पालिकेकडे धरला पाहिजे. कार्यकर्त्यांनी चाळीचाळींतून तीस वर्षांवरील माणसांची यादी करावी, कोणाची तपासणी झालेली नाही हे लिहून काढावे आणि ती संख्या घेऊन पालिकेत जावे.