नेटवर आलेला नवा ऑपरेटर



आमच्या जबलपूरला सिग्नल कोअरचं ट्रेनिंग सेंटर आहे. ही कोअर उभी राहिली १५ फेब्रुवारी १९११ रोजी, आणि तिचं ब्रीद दोनच शब्दांचं आहे: तीव्र चौकस. निरोप वेगाने गेला पाहिजे आणि सांभाळून गेला पाहिजे. मी याच कोअरमधून निवृत्त झालो. आजचा विषय ऐकायला नवा आहे: ऑफिसच्या टीम चॅटला एआय सहाय्यक जोडणं. पण त्यातला बराच भाग मला वायरलेसच्या खोलीतून ओळखीचा आहे, म्हणून त्याच अंगाने सांगतो.

टीम चॅट म्हणजे स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, आपल्या झोहोचं क्लिक, अशी ॲप्स. त्यात प्रत्येक कामाचं वेगळं चॅनल असतं. डिस्पॅचचं एक, हिशेबाचं एक, रजा-पगाराचं एक. आमच्या भाषेत हे रेडिओ नेट झालं. ठरलेली स्टेशनं, प्रत्येकाला कॉल साइन, आणि शिस्त राखायला एक कंट्रोल स्टेशन. अशा नेटवर एआय जोडायचा म्हणजे नवा ऑपरेटर बसवायचा. तो चोवीस तास जागा असतो आणि जुने निरोप क्षणात शोधून देतो.

जोडणी होते कशी? स्लॅकचं उदाहरण घेऊ. त्याच्या सेटिंगमध्ये एक ॲप तयार करायचं आणि त्याला बॉटची ओळख द्यायची. त्याने काय वाचावं, कुठे लिहावं, या परवानग्या एकेक करून निवडायच्या. मग एक लांबलचक टोकन मिळतं. ती किल्ली. कुणी चॅनलमध्ये बॉटला नावाने हाक मारली की स्लॅक तो निरोप तुमच्या सर्व्हरला कळवतो, सर्व्हर तो एआयच्या मॉडेलकडे देतो, आणि उत्तर उलट्या वाटेने चॅनलमध्ये येतं. जाणकार मुलगा एवढं काम एका दुपारी करतो.

त्यात एक गंमत आहे. स्लॅकने निरोप दिला की तीन सेकंदांत ‘मिळाला’ असं कळवावं लागतं. नाही कळवलं तर तो तोच निरोप पुन्हा पाठवतो, असं तीन वेळा. एआयला विचार करायला बऱ्याचदा तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे नवख्याने जोडलेला बॉट एकाच प्रश्नाची तीन-चार उत्तरं देतो आणि लोक हसतात. वायरलेसवर यावर तोडगा आधीपासून आहे. आधी ‘रॉजर’ म्हणायचं, म्हणजे निरोप मिळाला. उत्तर तयार झालं की मग बोलायचं. इथेही तेच करायचं: पोच आधी, उत्तर मागून.

हा झाला ‘तीव्र’चा भाग. आता ‘चौकस’कडे येतो.

आमच्याच शहरात माझ्या एका मित्राचा कारखाना आहे. साठेक माणसं. त्यांनी चॅटला एआय जोडला आणि सोय व्हावी म्हणून त्याला सगळी चॅनलं उघडून दिली. एका सकाळी डिस्पॅचच्या मुलाने साधा प्रश्न विचारला, आज कोण कोण रजेवर आहे? सहाय्यकाने मन लावून उत्तर दिलं. नावं दिली, आणि एका नावापुढे रजेचं कारणही दिलं: डायलिसिस. शिवाय उचल किती मागितली, तो आकडा. रजा-पगाराच्या चॅनलमधलं सगळं चाळीस जणांसमोर आलं.

ते गृहस्थ निवृत्त हवालदार. आजाराची गोष्ट त्यांनी फक्त मालकांच्या कानावर घातली होती. दोन दिवस ते कामावर आले नाहीत. मी घरी गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, “साहेब, आता लोक माझ्या हातातलं ओझं काढून घेतील.” पंचवीस वर्षं वर्दीत काढलेल्या माणसाला याचा अर्थ काय होतो, ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

आता बघा, यंत्र बिघडलं नव्हतं. विचारलं त्याचं बरोबर उत्तर त्याने दिलं. बिघाड होता तो त्याला कुठे बसवलं यात. फौजेत साधा नियम असतो: ज्याला कामापुरतं जे कळायला हवं, तेवढंच त्याला कळावं. मित्राने मला बोलावलं आणि आम्ही ती जोडणी बंद करून नव्याने केली. तेव्हा जे नियम लिहिले, ते सांगतो.

पहिला नियम ऐकण्याचा. विचारणाऱ्याला जे बघण्याचा अधिकार नाही, ते सहाय्यकानेही त्याच्यासाठी बघू नये. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये बॉटला मुळात नावाने हाक मारलेलेच चॅनलमधले निरोप मिळतात. सगळं ऐकायची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती देऊ नका. आम्ही फक्त डिस्पॅचच्या चॅनलपासून सुरुवात केली. रजा-पगार आणि तक्रारी यांच्या चॅनलमध्ये सहाय्यकाला प्रवेशच नाही.

दुसरा नियम ओळखीचा. सहाय्यकाचं खातं त्याचं स्वतःचं, नावातच कळावं की हे यंत्र आहे. कुणा माणसाच्या खात्यावरून त्याला बोलू देऊ नका. पाठवणारा कोण हे कळलं नाही, तर त्या निरोपाचं वजन कसं ठरवणार? आणि टोकन ही किल्ली आहे. ती चॅटमध्ये चिकटवायची नाही, कागदावर लिहून टेबलावर ठेवायची नाही. फुटल्याची शंका आली तरी त्याच क्षणी बदलायची. कोडबुक शत्रूच्या हाती लागलं असेल असं वाटलं, तर आम्ही खात्री होईपर्यंत थांबत नसू.

तिसरा नियम सर्वात महत्त्वाचा, हुकुमाचा. नेटवर कुणीही आपल्या कमांडरचं नाव घेऊन बोलू शकतो. म्हणून आम्ही खूण विचारून पडताळणी करत असू. एआयची कमजोरी नेमकी इथे आहे. वाचायला दिलेल्या मजकुरात कुणी ‘आता असं कर’ असं दडवून लिहिलं, तर तो ते हुकूम समजू शकतो. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधली अशीच त्रुटी जाहीर झाली. संशोधकांनी तिला ‘इकोलीक’ नाव दिलं. बाहेरून आलेल्या एका ईमेलमध्ये दडवलेल्या सूचनांमुळे आतली माहिती बाहेर जाऊ शकत होती, आणि वापरणाऱ्याने कुठेही क्लिक करायची गरज नव्हती. कंपनीने ती त्रुटी दुरुस्त केली. पण धडा राहतो. सहाय्यकाने वाचावं, शोधावं, मसुदा करावा. बाहेर ईमेल पाठवणं, फाइल पुसणं, पैसे देणं, या गोष्टींवर माणसाने हो म्हटल्याशिवाय बोट हलता कामा नये.

चौथा नियम जबाबदारीचा. वायरलेसच्या खोलीत लॉग असतो: कुणी, केव्हा, काय सांगितलं. सहाय्यकाचाही ठेवा, आणि रोज कुणीतरी तो वाचेल असं बघा. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला, घरी मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी न घेणाऱ्यावर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा ‘एआयने सांगितलं’ हे उत्तर चालणार नाही. युनिटमध्ये ऑपरेटर काय बोलला याचा जाब ड्यूटी ऑफिसरला विचारतात. सहाय्यकालाही एक ड्यूटी ऑफिसर नेमा, नावानिशी.

आणखी एक. चॅटमधला मजकूर मॉडेलकडे जातो, म्हणजे तो तुमच्या इमारतीबाहेर जातो. आपल्या अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अशी एआय साधनं वापरू नका असं कळवलं, ते सरकारी माहितीच्या गोपनीयतेसाठीच. तुमच्या पुरवठादाराशी करार करताना दोन प्रश्न विचारा: आमचा मजकूर किती दिवस ठेवणार, आणि त्यावर मॉडेल शिकवणार का? उत्तर लेखी घ्या.

मी या यंत्राच्या विरोधात नाही. मित्राच्या कारखान्यात आता ‘अमुक गाडी कुठे पोचली, अमुक पार्ट कधी पाठवला’ हे विचारायला कुणी दहा फोन करत नाही. हवालदारसाहेब कामावर परतले. मालकांनी सगळ्यांसमोर उभं राहून त्यांची माफी मागितली. हे काम त्यांनी सहाय्यकावर सोपवलं नाही, हे मला आवडलं. ज्या दिवशी नवे नियम लावले, त्या दिवशी रजा-पगाराच्या चॅनलचे सभासद कोण, ही यादी आम्ही हवालदारसाहेबांनाच आधी दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, आणि एका नावावर बोट ठेवून विचारलं, “यांचं इथे काय काम?” प्रश्न रास्त होता. ते नाव काढलं.

तुम्हीही जोडणी करण्याआधी एक कागद घ्या. चॅनलांची नावं लिहा, आणि प्रत्येकापुढे तिथे कुणाची कोणती गोष्ट ठेवलेली आहे ते लिहा. तो कागद तयार झाला की मग त्या मुलाला बोलावा. त्याचं काम एका दुपारचं आहे. त्याआधीचं काम तुमचं.

जय हिंद.