माती, स्मृती आणि कूळ



ज्या शाळेत पाटीवर पहिली अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या चित्रकलेच्या तासाला टेबलावर बहुधा एखादी बरणी किंवा सुरई मांडलेली असे. पुढे माझे सारे आयुष्य चाक आणि भट्टी यांच्या संगतीत गेले, त्याचे बीज त्या तासात असावे. म्हणून आजचा विषय मी त्या टेबलावरूनच उचलला आहे. चिनी मातीच्या कलेत माणसाच्या आठवणी, त्याचे कुटुंब आणि त्याची ओळख कशी उतरते, हा तो विषय.

आरंभ आपल्या स्वयंपाकघरापासून करू. माझी आजी सातारा जिल्ह्यातून लग्न होऊन बडोद्यास आली, तेव्हा आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. तिच्या फडताळात लोणच्याची एक बरणी होती. खाली पांढरी, खांद्याला तपकिरी. मीठ आणि आंबट यांनी पितळ कळकते, म्हणून लोणच्याला चिनी मातीच हवी. झिलईच्या काचेला मीठ काही करू शकत नाही. आजी तिला चिनी बरणी म्हणे. वास्तविक अशा बरण्या सौराष्ट्रातल्या थानगड, वांकानेर या भागांत तयार होत, आणि थानगडच्या या उद्योगाचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी घातला तो परशुराम गणपुले या मराठी माणसाने. म्हणजे माती सौराष्ट्राची, कल्पकता मराठी, लोणचे सातारी पद्धतीचे आणि नाव चीनचे!

बरणीला सोवळ्यात जागा मिळाली, तशी कपाला सहजासहजी मिळाली नाही. चहा हा शब्दच मुळात चीनचा. पेय तिकडचे आणि ते ज्यातून प्यायचे ती मातीही तिकडची. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले, हे आपण इतिहासात वाचले आहे. पुढे कप घरोघर आले, पण भेद संपला नाही. आमच्याच घरी कान तुटलेला एक कप मागच्या दारी दिवळीत निराळा ठेवलेला असे आणि त्यातून कोण चहा पिई, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. कुटुंबाची स्मृती म्हणताना आपण बहुधा बरणीच आठवतो. दिवळीतला कप विसरतो. मातीच्या कलेचे मोठेपण हे की ती दोन्ही जपून ठेवते.

आता मूळ देशाकडे वळू. ज्या पांढऱ्या मातीला जग केओलिन म्हणते, तिचे नाव चीनमधील गाओलिंग या ठिकाणावरून आले. ते जिंगदेझेन या नगराजवळ आहे. या नगराला त्याचे नाव मिळाले १००४ साली, सुंग सम्राटाच्या जिंगदे या कालनामावरून. गाओलिंगची माती आणि एक प्रकारच्या दगडाची भुकटी यांचे मिश्रण सुमारे तेराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते दगडासारखे कठीण, शंखासारखे शुभ्र आणि पातळ केल्यास प्रकाश आरपार जाऊ देणारे होते. हे रहस्य युरोपला अठराव्या शतकाच्या आरंभी, जर्मनीत उमगले. तोवर चीनने कित्येक शतके या एका वस्तूने जगाला मोहिनी घातली होती.

परंतु या चिनी वस्तूत निव्वळ चिनी किती, असा प्रश्न विचारला म्हणजे मौज वाटते. पांढऱ्यावर निळे हे रूप आज आपल्याला चिनी संस्कृतीची मुद्राच वाटते. चौदाव्या शतकात ते बहराला आले तेव्हा त्यातला कोबाल्टचा निळा रंग इराणच्या बाजूने येत होता, आणि थोरली तबके इस्लामी देशांच्या बाजारांसाठी घडत होती. दुसरी गोष्ट अशी की सतराव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथकाराने नोंदवले आहे की एक प्याला तयार होईतो बहात्तर हातांखालून जातो. ज्या वस्तूला आपण एका देशाची, एका वंशाची निशाणी समजतो, तिच्यात परदेशचा रंग आणि बहात्तर अनाम हात असतात. ओळख शुद्ध असते म्हणून टिकते, हा समज मातीच्या इतिहासापुढे टिकत नाही.

चीनशी आपल्या कलाशिक्षणाचाही एक जुना आणि थोडा अवघडलेला संबंध आहे. मुंबईची जे. जे. कला शाळा १८५७ साली सुरू झाली, ती सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. त्यांची संपत्ती चीनच्या व्यापारातली. त्या व्यापारात कापूस होता, तशी अफूही होती. पारशी घरांतली चिनी भरतकामाची गारा साडी आणि कपाटातली चिनी तबके ही त्याच जलप्रवासांची स्मृती. सुंदर वस्तूच्या बुडाशी कोणाचे दुःख चिकटलेले असेल, हे पाहण्याची सवय कलेच्या अभ्यासकाने लावून घ्यावी.

आपल्या वडोदऱ्यात चीनची वाट शांतिनिकेतनमार्गे आली. गायकवाड घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भित्तिचित्रे रंगवली. हेच नंदलाल १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर चीनला गेले होते. एका मराठी राजघराण्याच्या स्मृतिमंदिरात बंगाली चित्रकाराने गंगावतरण, मीराबाई आणि महाभारत साकारावे, आणि त्या हाताला चीनच्या कुंचल्याचा परिचय असावा, हे या शहराच्या स्वभावाला शोभणारे आहे.

१९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग सुरू झाला. तेथे बेंद्रे आले, शंखो चौधुरी आले, पुढे के. जी. सुब्रमण्यन आले. सुब्रमण्यन यांनी भाजलेल्या मातीला भिंतीवर बोलते केले. लखनौच्या रवींद्रालयावरील त्यांचे १९६३चे भित्तिशिल्प प्रसिद्ध आहे. १९७१च्या बांगलादेश युद्धानंतर त्यांनी सेनापती आणि त्यांचे बळी यांची जी मातीची शिल्पे केली, ती पाहताना हे साहित्य केवळ शोभेचे आहे असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

याच विभागात ज्योत्स्नाबेन भट्ट यांनी शंखो चौधुरी यांच्याजवळ धडे घेतले, अमेरिकेत ब्रुकलिन येथे शिक्षण घेतले आणि १९७२ पासून २००२ पर्यंत येथेच शिकवले. २०२० साली त्या गेल्या. कच्छमधील मांडवीत जन्मलेल्या ज्योत्स्नाबेनच्या हातून मांजरे, कुत्री, घुबडे, बेडूक, कमळाच्या कळ्या उतरल्या. झगझगीत चकाकी त्यांना मानवत नसे. मंद, मऊ, शेवाळी झिलई त्यांना प्रिय होती. त्यांच्या मांजराकडे पाहिले की वाटते, हे प्राणी कोण्या पुराणातून आले नाहीत, ते ओटीवर रोज येऊन बसणारे आहेत. कुटुंबाची आठवण सांगण्यासाठी घराण्याचा वंशवृक्षच काढावा लागतो असे नाही. उन्हात अंग चाटत बसलेले मांजर पुरेसे होते.

आता अशा एका चिनी कलावंताकडे पाहू, ज्याला देश सोडावा लागला. आह शियान यांचा जन्म १९६०चा, बीजिंगचा. १९८९च्या तिआनआनमेन चौकातील हत्याकांडानंतर ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. चीनमध्ये असेतो त्यांना पोर्सेलीनची विशेष ओढ नव्हती. ती लागली दूर सिडनीत. त्यांनी आपल्या कुटुंबातल्या माणसांचे, मित्रांचे प्लास्टरमध्ये साचे घेतले आणि त्यांवरून पोर्सेलीनचे अर्धपुतळे घडवले. १९९९ साली ते जिंगदेझेनला गेले आणि तिथल्या पारंपरिक कारागिरांच्या साहाय्याने त्या चेहऱ्यांवर निळे डोंगर, ड्रॅगन, फुले, लाटा चितारून घेतल्या. साचा घेताना डोळे मिटावे लागतात. म्हणून या सर्व पुतळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. ओठांवरून वेली गेलेल्या, कपाळावर निसर्गचित्र उमटलेले! ही नक्षी म्हणजे आभूषण की मुसक्या, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. संस्कृती माणसाला सजवते आणि त्याचे तोंडही बांधते. या दोन्ही गोष्टी एकाच निळ्या रेषेने सांगणारे हे पुतळे मला आपल्या काळातल्या मातीकामातील थोर कृती वाटतात.

आय वेवे यांचे वडील आय छिंग हे नामवंत कवी. १९५८ पासून त्यांनी कुटुंबासह हद्दपारी सोसली. मुलाने ते बालपण विसरले नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उभी असलेली सूर्यफुले, असे चित्र सर्वत्र असे. आणि त्याच दारिद्र्यात माणसे एकमेकांना सूर्यफुलाच्या मूठभर बिया देत. २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये आय वेवे यांनी पोर्सेलीनच्या सुमारे दहा कोटी बिया पसरल्या. जिंगदेझेनच्या सुमारे सोळाशे कारागिरांनी घडवलेल्या, हाताने रंगवलेल्या. प्रेक्षकांनी त्यांवरून चालावे अशी योजना होती; पण मातीची धूळ फुप्फुसांना घातक म्हणून काही दिवसांतच ते थांबवावे लागले. ही धूळ पांढऱ्या मातीत काम करणाऱ्यांच्या छातीत रोज जाते, याची आठवण गुजरातेत राहणाऱ्या आपणांस तरी करून द्यायला नको.

चिनी असणे याचा आपल्या देशात एक कटू अर्थही होऊन गेला आहे. १९६२च्या युद्धानंतर पिढ्यान्‌पिढ्या भारतात राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत म्हातारी माणसे होती, मुले होती. युद्ध सरकारांचे झाले, खापर मात्र या कुटुंबांच्या माथ्यावर फुटले. ज्या शब्दाने आपण बरणीला मायेने हाक मारली, तोच शब्द आपण माणसांवर संशयाने फेकला.

याच्या उलट दुसरे उदाहरण आपल्या सोलापूरचे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथे गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मुलाचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. तो मुलगाही १९६७ साली, वैद्यकीचे शिक्षण पुरे होण्याआधी गेला. एका मराठी कुळाची एक शाखा चीनच्या मातीत अशी विसावली आहे. ओळख विचारणाऱ्याने यिनहुआला कोणत्या रकान्यात घातले असते?

मित्रहो, हे सारे मी आपल्यापुढे मांडतो याचे कारण आपणही या शहरात चार-चार पिढ्या राहिलेली माणसे आहोत. गुजराती शेजारी आपल्याला दक्षिणी म्हणत आले. पुण्या-साताऱ्याचे आप्त बडोदेकर म्हणतात. मराठी माध्यमाच्या वर्गांतली मुले घटत गेली, नातवंडे घरी गुजराती-इंग्रजीत बोलतात आणि आपण आता कोण, ही काळजी आपल्या सभांतून वारंवार ऐकू येते. आह शियान यांच्या पुतळ्यांनी या काळजीला दिलेले उत्तर मला पटते. दुरावल्यावर त्यांनी परंपरेचे नुसते गोडवे गायले नाहीत. ते कारागिराच्या शेजारी जाऊन बसले, आणि आपल्या आजच्या माणसांचे चेहरे त्या जुन्या मातीत ओतले. हात लागला नाही तर परंपरा कपाटात राहते. हात लागला तर ती बदलते, प्रसंगी तडकते, पण जिवंत राहते.

आपली भाषा पणजोबांच्याही वडिलांना खापरपणजोबा म्हणते. व्युत्पत्ती काय असेल ती तज्ज्ञांनी सांगावी. मातीकाम करणाऱ्याच्या कानाला मात्र त्यात खापर ऐकू येते. इतक्या मागे गेले की माणसाचे अखंड भांडे उरत नाही, एखादा तुकडा हाती लागतो. त्या तुकड्यावरून बाक आणि जाडी पाहून आपण मूळ आकार ताडतो. कुळाची स्मृती अशीच असते.

म्हणून शाळेपुढे एक विनंती ठेवतो आणि थांबतो. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातली एक मातीची वस्तू निवडावी. बरणी असो, पणती असो, कान गेलेला कप असो. ती कोणी आणली, कोणी घडवली, तिला कोणाचा हात लागत असे आणि कोणाला ती शिवू दिली जात नसे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एक पान लिहावे, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत; आणि मग मातीचा गोळा घेऊन ती वस्तू स्वतः करून पाहावी. वाकडी झाली तरी हरकत नाही. शाळेने त्यासाठी एक कपाट आणि एक छोटी भट्टी द्यावी. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.