प्रौढ नवागतांचे इंग्रजी शिक्षण



ऑस्ट्रेलियात स्थायिक होणाऱ्या प्रौढांस इंग्रजी शिकविण्याचे कार्य तेथील सरकार १९४८ पासून करीत आहे. पुढे घातलेली ५१० तासांची मर्यादाही २०२१ साली उठविण्यात आली. परंतु केवळ तास वाढविल्याने भाषा येत नाही. शिक्षक व्याकरण जाणतो. रोग्याशी काय बोलावे लागते, हे परिचारिकाच जाणते. दोघांनी मिळून पाठ रचावा, आणि शिक्षकांनीही आपले यशापयश परस्परांस सांगावे. मी मात्र आयुष्यभर वर्गाचे दार लावून शिकविले. ती माझी चूक होती. तिकडे शिक्षक, परिचारिका, अभियंते असलेल्या आपल्या मुलांनी ती टाळावी आणि नवागतांसाठी एकत्र बसावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.